विमानात कुणी डॉक्टर आहे का?

मुंबई ते लखनऊ अशी नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती बुंदेलखंडावरून जाते. झाशी जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, बेतवा आणि धसान या नद्यांच्या बेचक्यात, गरौठा हे तहसिलीचे गाव आहे. शेजारचे गुरसराय एकेकाळी मराठी जहागीरदारांकडे होते, त्यामुळे मराठी इतिहास वाचणाऱ्याला हा मुलूख अगदीच परका नाही. रेघ गरौठ्याच्या दक्षिणेकडून, थोडे अंतर राखून, पुढे लखनऊकडे सरकते.

आता समजा, नेमके याच जागी, 35,000 फुटांवर, एका प्रवाशाच्या छातीत कळ आली. किंवा विमान हवेत एकदम खाली आदळले आणि पट्टा न बांधलेल्या बाईचे डोके वरच्या सामानाच्या कप्प्यावर आपटले. खजुराहोचा विमानतळ इथून शंभरेक किलोमीटरवर आहे, ग्वाल्हेर आणि कानपूर 130 ते 145 किलोमीटरवर, लखनऊ 200 किलोमीटरवर. खजुराहो जवळ आहे तर तिथेच उतरावे, असे कुणालाही वाटेल. पण प्रवासी विमान नेहमीच्या पद्धतीने खाली येताना दर हजार फुटांमागे साधारण तीन सागरी मैल घेते. 35,000 फुटांचे 105 सागरी मैल होतात, म्हणजे 195 किलोमीटर. लखनऊला उतरायची सुरुवात वैमानिक एरवीही इथूनच करतो. घाई केली तरी हाती लागणारी मिनिटे थोडीच. वीस-पंचवीस मिनिटे रुग्ण विमानातच राहणार. अरबी समुद्रावर किंवा उत्तर ध्रुवाकडच्या वाटेवर हीच मिनिटे तासांत मोजावी लागतात.

या वेळात रुग्णापाशी काय असते? प्रथमोपचार शिकलेले चार-सहा केबिन कर्मचारी, औषधांच्या एक-दोन पेट्या, ऑक्सिजनच्या छोट्या बाटल्या आणि जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलण्याची सोय. त्यानंतर ध्वनिक्षेपकावरून तो प्रश्न येतो, जो ऐकून अख्ख्या विमानाच्या माना वळतात. कुणी उठले तर ठीक. आपल्याकडे अशी बातमी आली की 'देवासारखा धावून आला' हे शब्द ठरलेले. ती कृतज्ञता खरी आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या विषयावर जगभरात जे साचले आहे ते वाचत गेलो की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते: आकाशातली वैद्यकीय मदत आपण फार मोठ्या प्रमाणात योगायोगावर सोडलेली आहे, आणि त्या योगायोगाने जो माणूस पुढे येतो त्यालाही आपण पुरेसे पाठबळ दिलेले नाही.

जखमी सहप्रवाशांना डॉक्टरने मदत केल्याचे आपल्या जवळचे उदाहरण 1 मे 2022 चे आहे. स्पाइसजेटचे बोइंग 737 मुंबईहून पश्चिम बंगालमधल्या दुर्गापूरला निघाले होते. उतरायच्या बेतात असताना ते जोरदार टर्ब्युलन्समध्ये सापडले. ऑटोपायलट सुटला आणि सुमारे दोन मिनिटे वैमानिकांनी विमान हाताने चालवले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने दिलेल्या माहितीनुसार 14 प्रवासी आणि 3 केबिन कर्मचारी जखमी झाले. डोके, पाठीचा कणा, खांदा, कपाळ, चेहरा अशा त्या जखमा होत्या. प्रथमोपचार केबिन कर्मचाऱ्यांनी केले आणि त्यांच्या मदतीला प्रवाशांमधलेच एक डॉक्टर आणि एक पॅरामेडिक होते. जखमींपैकी एकाचा काही महिन्यांनी मृत्यू झाला. पुढच्या वर्षी, मे 2023 मध्ये, एअर इंडियाच्या दिल्ली-सिडनी विमानात असेच झाले. सात जण जखमी, आणि पुन्हा मदतीला प्रवासी म्हणून बसलेले एक डॉक्टर व एक नर्स.

दुर्गापूरच्या प्रसंगात एका वाक्यात आटोपलेली ती मदत प्रत्यक्षात कशी असते, हे जरा जवळून पाहायला हवे. विमान अजून हलते आहे. पट्टे बांधण्याची सूचना चालू आहे. डॉक्टर स्वतः नुकताच हादरलेला आहे, कदाचित त्यालाही मार बसला आहे. एकाच वेळी अनेक जण विव्हळत आहेत, आणि ज्यांना मदत करायची सवय आहे ते केबिन कर्मचारी स्वतःच जखमींत आहेत, कारण धक्का बसला तेव्हा तेच उभे होते. अशा वेळी पहिले काम उपचाराचे नसते. कोणाला आधी पाहायचे हे ठरवण्याचे असते. मोठ्याने ओरडणाऱ्याची शुद्ध, श्वास आणि आवाज शाबूत आहेत. गप्प पडलेल्याकडे आधी जावे लागते. रक्त वाहत असेल तर जखम दाबून धरायला शेजारच्या धडधाकट प्रवाशाचा हात लावायचा आणि पुढे सरकायचे. मानेला किंवा पाठीला मार असेल तर त्या माणसाला हलवायचे नाही. घोंगडीची गुंडाळी करून मान दोन्ही बाजूंनी टेकवून ठेवायची. मोडलेल्या हाताला आधार द्यायला जाड मासिकाची गुंडाळीही चालते.

स्टेथोस्कोप गळ्यात असतो, पण इंजिनांच्या घरघरीत त्यातून जवळजवळ काही ऐकू येत नाही. रक्तदाब मोजायचा तर पट्टा फुगवून मनगटावर बोट ठेवायचे आणि नाडी परत लागते तो आकडा धरायचा. वरचा आकडा मिळतो, खालचा मिळत नाही. ऑक्सिजनच्या बाटलीला बहुधा दोनच खाचा असतात, मिनिटाला दोन लिटर आणि चार लिटर. रुग्णालयात अत्यवस्थ रुग्णाला याच्या कितीतरी पट प्राणवायू लावतात. छाती दाबायची वेळ आली तर दोन खुर्च्यांच्या रांगांमधल्या वाटेत गुडघे टेकवायलाही धड जागा नसते, म्हणून रुग्णाला ओढत पॅन्ट्रीपाशी न्यावे लागते. आणि हे सगळे शे-दीडशे माणसांच्या नजरेसमोर, त्यातल्या काहींच्या मोबाइल कॅमेऱ्यांसमोर. रुग्णाचा चेहरा झाकायला चादर धरणारे दोन प्रवासी मिळाले तर त्यांचाही उपकार मानावा इतकी ती जागा उघडी असते.

टर्ब्युलन्सच्या जखमा इतक्या वाईट का असतात, याचे उत्तर सिंगापूर एअरलाइन्सच्या 21 मे 2024 च्या उड्डाणाने दिले. लंडनहून सिंगापूरला निघालेले हे बोइंग 777 म्यानमारवर असताना हादरले आणि बँकॉकला उतरवावे लागले. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने विमानातल्या नोंदी तपासल्या. विमानाचा उभा प्रवेग गुरुत्वाकर्षणाच्या 1.35 पटीवरून उणे 1.5 पटीवर अवघ्या 0.6 सेकंदात गेला. पट्टा नसलेला माणूस त्या क्षणी छताकडे फेकला गेला. पुढच्या चार सेकंदांत उलटा धक्का बसला आणि तोच माणूस खाली आदळला. उंची कमी झाली ती फक्त 178 फूट. एक वृद्ध प्रवासी दगावला आणि बँकॉकच्या रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी वीसहून अधिक जणांना कण्याची किंवा मज्जारज्जूची इजा होती. 0.6 सेकंदात पट्टा बांधता येत नाही. तो आधी बांधलेला असावा लागतो. विमानातल्या जखमींना मदत करण्याच्या साऱ्या चर्चेत एवढा स्वस्त आणि एवढा खात्रीचा दुसरा उपाय नाही.

जखमींचे प्रसंग बातम्यांत ठळक येतात, तरी विमानातल्या तक्रारींत त्यांचा वाटा मोठा नसतो. या विषयावरचा सर्वात जास्त उल्लेखला जाणारा अभ्यास 2013 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. पाच विमान कंपन्यांकडून जमिनीवरच्या वैद्यकीय सल्ला केंद्राकडे जानेवारी 2008 ते ऑक्टोबर 2010 या काळात आलेले 11,920 कॉल त्यात तपासले होते. दर 604 उड्डाणांमागे एक प्रसंग, असे प्रमाण निघाले. सर्वाधिक, म्हणजे 37.4 टक्के, तक्रारी चक्कर येण्याच्या किंवा शुद्ध हरपण्याच्या. त्यानंतर श्वासाच्या 12.1 टक्के आणि मळमळ-उलटीच्या 9.5 टक्के. विमान वळवावे लागले ते 7.3 टक्के वेळा. मृत्यू 0.3 टक्के. यातला आपल्या विषयाचा आकडा असा: 48.1 टक्के प्रसंगांत प्रवाशांमधले डॉक्टर पुढे आले, 20.1 टक्के प्रसंगांत नर्स. म्हणजे निम्म्याहून थोड्या अधिक वेळा डॉक्टर नव्हताच. असलाच तर कोणता असेल, हेही हाती नसते. हृदयविकाराच्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञ भेटतो आणि प्रसूतीच्या कळा सुरू झालेल्या बाईला पॅथॉलॉजिस्ट.

चक्कर येण्याच्या त्या मोठ्या गटातले एक प्रकरण मराठी वाचकांना आठवत असेल. नोव्हेंबर 2021 मध्ये दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात एका प्रवाशाला घाम सुटला, रक्तदाब उतरला. विमानात औरंगाबादचे डॉ. भागवत कराड होते, तेव्हाचे केंद्रीय अर्थ राज्यमंत्री आणि मूळचे बालशल्यचिकित्सक. त्यांनी रुग्णाला आडवे केले, पाय उंच केले, ग्लुकोज दिले. अर्ध्या तासाने त्या माणसाला बरे वाटू लागले. पंतप्रधानांनी जाहीर कौतुक केल्यामुळे त्या प्रसंगाचा गवगवा झाला. जुलै 2022 मध्ये तेलंगणाच्या तेव्हाच्या राज्यपाल डॉ. तमिळिसाई सौंदरराजन यांनी दिल्ली-हैदराबाद विमानात एका ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याला अशीच मदत केली; उतरल्यावर त्या अधिकाऱ्याला डेंग्यू असल्याचे निघाले, प्लेटलेट 14,000 वर आलेल्या. या दोन्ही घटनांत मला महत्त्वाचे वाटते ते पदाचे मोठेपण नाही. दोघांनीही फार साध्या गोष्टी केल्या, आणि बहुतेक वेळा तेवढ्याच लागतात. आडवे करा, पाय वर, तोंडावाटे साखर, धीर द्या, नाडी पाहत राहा. हे केबिन कर्मचाऱ्यालाही येते. डॉक्टरच्या असण्याने एक गोष्ट जास्तीची मिळते: हे साधे आहे की गंभीर, हे सांगणारे डोके.

ते डोके किती चालू शकते याचा दाखला मे 1995 मध्ये हाँगकाँगहून लंडनला जाणाऱ्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानात मिळाला. एका प्रवासी महिलेचा विमानतळावर येताना मोटारसायकलवरून पडून हात दुखावला होता. विमानात नॉटिंगहॅमचे अस्थिशल्यविशारद प्रा. अँगस वॉलेस होते आणि डॉ. टॉम वाँग नावाचे तरुण डॉक्टर होते. दोघांनी आधी हाताला आधार बांधला. काही वेळाने तिला छातीत दुखू लागले, श्वास अडकू लागला. फासळ्यांना मार बसून फुप्फुसाबाहेर हवा साठत होती आणि ती फुप्फुसाला दाबत होती. डॉक्टर त्याला टेन्शन न्यूमोथोरॅक्स म्हणतात. विमानाच्या आत हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीच्या डोंगरावर असावा तेवढाच राखलेला असतो. त्या दाबाला बंद जागेतली हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते. जमिनीवर लपून राहिलेली इजा वर गेल्यावर जिवावर बेतते ती अशी.

वॉलेस यांनी पेटीतले भूल देणारे इंजेक्शन वापरले, छातीला छेद घेतला आणि लघवीसाठी असलेली नळी छातीत घातली. नळी आत ढकलायला ताठ काही हवे होते, म्हणून कपडे टांगायच्या हँगरची तार सरळ करून ब्रँडीने निर्जंतुक केली. बाटलीबंद पाण्याच्या बाटलीचे झाकण भोकसून तिच्यात नळीचे दुसरे टोक बुडवले, म्हणजे हवा बाहेर येईल पण परत आत जाणार नाही. रुग्ण लंडनला सुखरूप उतरली. वॉलेस यांनी पुढे हा अनुभव 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिला. ही कथा सांगताना सगळ्यांचा भर हँगरवर असतो. मला ती सांगताना दुसरी गोष्ट पुढे आणावीशी वाटते. पेटीत भुलीचे औषध होते आणि नळी होती, म्हणून हँगरचा उपयोग झाला. कौशल्याला सामान लागते.

सामानाची स्थिती काय आहे? आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, तीन प्रकारच्या पेट्या सुचवते: प्रथमोपचाराची, संसर्गापासून बचावाची, आणि 100 हून अधिक प्रवासी व दोन तासांहून लांब प्रवास असेल तर डॉक्टरांनी वापरायची वैद्यकीय पेटी. या तिसऱ्या पेटीच्या यादीत ॲड्रेनालिन, ॲट्रोपिन, ग्लुकोज, झटक्यांवरचे इंजेक्शन, दम्याचा पंप, ॲस्पिरिन, सलाइनची नळी, नाळेला लावायचा चिमटासुद्धा आहे. यादी म्हणून ती चांगली आहे. पण बोटाला लावून प्राणवायू मोजणारा ऑक्सिमीटर आणि साखर मोजणारा ग्लुकोमीटर ही कोविडनंतर आपल्या घराघरात पोचलेली साधने तिच्यात मुळात नव्हती. नोव्हेंबर 2022 मध्ये लंडनहून बंगळुरूला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात बर्मिंगहॅमचे यकृततज्ज्ञ डॉ. विश्वराज वेमला यांनी हृदय बंद पडलेल्या एका प्रवाशाला दोनदा परत आणले. जवळजवळ पाच तास त्याला तगवून ठेवले आणि विमान मुंबईला उतरवण्यात आले. त्या पाच तासांत नाडी, रक्तदाब, प्राणवायू आणि साखर मोजायची यंत्रे त्यांना कुठून मिळाली? सहप्रवाशांच्या पिशव्यांतून. हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र अमेरिकेने 2004 पासून मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचे केले आहे. आयकाओचे धोरण मात्र ते कंपनीने जोखीम पाहून ठरवावे असे आहे. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात, तेव्हा यात ठरवण्यासारखे काय उरते?

यानंतर नागपूरचा विषय येतो. देशाच्या मध्यावर असल्याने वाटेत कुणाची तब्येत बिघडली तर विमाने डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर वळवली जातात. ऑगस्ट 2021 मध्ये मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या वैमानिकालाच हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपूरला सुखरूप उतरवले, पण वैमानिक तीन दिवसांनी गेला. बरोबर दोन वर्षांनी, 27 ऑगस्ट 2023 ला, विस्ताराच्या बंगळुरू-दिल्ली विमानात जन्मजात हृदयदोष असलेल्या एका लहान मुलीची नाडी थांबली. विमानात रक्तवाहिन्यांच्या उपचारांवरची परिषद आटोपून परतणारे पाच डॉक्टर होते, एम्समधले किंवा तिथे काम केलेले. त्यांत भूलतज्ज्ञ होत्या, हृदयाच्या क्ष-किरण तपासणीतले तज्ज्ञ होते. त्यांनी छाती दाबली, श्वासमार्ग मोकळा केला, बारीक शिरेत सुई घातली. हृदय सुरू झाले, पुन्हा थांबले, एईडीने पुन्हा सुरू केले. 45 मिनिटांनी मूल नागपूरच्या बालरोगतज्ज्ञाच्या हाती जिवंत दिले.

देशभर ती बातमी झळकली. चार दिवसांनी ते मूल नागपूरच्या रुग्णालयात दगावले, ही बातमी कितीशा लोकांनी वाचली? मला ही दुसरी बातमी पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. त्या डॉक्टरांचे श्रेय तिने तसूभरही कमी होत नाही. आईबापांना मुलापाशी बसायला, दुसरे उपचार करून पाहायला चार दिवस मिळाले ते त्यांच्यामुळे. पण आकाशातली मदत ही उपचाराची पहिली पायरी असते आणि पुढचे सगळे जमिनीवर व्हायचे असते, हे विसरून आपण फक्त टाळ्या वाजवतो. आणि त्या विमानात पाच तज्ज्ञ एकत्र होते ते परिषद त्या दिवशी संपली म्हणून. परिषद आदल्या दिवशी संपली असती तर?

आता मदत करणाऱ्याच्या बाजूने पाहू. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची आचारसंहिता सांगते की डॉक्टरने कोणावर उपचार करावेत हे तो ठरवू शकतो, पण आणीबाणीत मदत मागितली तर त्याने प्रतिसाद द्यावा. परमानंद कटारा खटल्यात 1989 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य ठरवले. कर्तव्य झाले, मग संरक्षण? अमेरिकेने 1998 मध्ये खास विमानातल्या मदतीसाठी कायदा केला. सद्भावनेने मदत करणाऱ्या वैद्यकीय जाणकारावर, घोर निष्काळजीपणा किंवा मुद्दाम केलेली चूक सोडून, दावा चालत नाही.

आपल्याकडे जे आहे ते तुकड्यातुकड्यांत आहे. भारतीय न्याय संहितेचे कलम 30, म्हणजे जुन्या दंडसंहितेचे 92, शुद्ध हरपलेल्या माणसाच्या भल्यासाठी त्याच्या संमतीशिवाय केलेल्या कृतीला गुन्ह्यातून वगळते. 1860 च्या त्या कायद्यात दिलेले उदाहरण घोड्यावरून पडून बेशुद्ध झालेल्या माणसाचे आणि त्याच्या कवटीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाचे आहे. हे संरक्षण फौजदारी आहे. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा त्याने अडत नाही. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये रस्त्यावर मदत करणाऱ्यांना अभय दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले. ते दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बाजूंनी मदतगाराला वाचवते, पण त्याची व्याप्ती मोटारीच्या अपघातापुरती आहे. गरौठ्याहून झाशीला जाणाऱ्या रस्त्यावर जीप उलटली आणि मागून येणाऱ्या डॉक्टरने जखमींना हात लावला, तर तो या कलमाच्या छत्राखाली येतो. त्याच रस्त्याच्या वर, विमानात, तोच डॉक्टर तसाच जखमी पाहतो तेव्हा छत्र नसते. एकाच कृतीला जमिनीवर एक न्याय आणि हवेत दुसरा, याला काय आधार आहे?

प्रत्यक्षात अशा मदतीवरून डॉक्टरवर खटले भरले जाण्याचे प्रकार जगात फार विरळ आहेत. भीती मात्र विरळ नाही. खाली रुग्णालयांत डॉक्टरांना मारहाण होण्याच्या बातम्या वाचत मोठी झालेली तरुण डॉक्टरांची पिढी खुर्चीत बसून आधी विचार करते. हात वर करायला तिला दहा सेकंद उशीर झाला तर तिला दोष देऊ नये. ती दहा सेकंदे कायद्याने कमी करता येतात.

विमान कंपनीची जबाबदारी वेगळी असते, आणि तिच्यावरचा एक निकाल डोळे उघडणारा आहे. जानेवारी 1998 मध्ये ऑलिंपिक एअरवेजच्या विमानात दम्याचा त्रास असलेले एक डॉक्टर प्रवासी धूम्रपानाच्या रांगांजवळ बसले होते. पत्नीने जागा बदलून देण्याची पुन्हा पुन्हा विनंती केली. कर्मचाऱ्याने ती मानली नाही. त्यांना झटका आला. बरोबर प्रवास करणाऱ्या ॲलर्जीतज्ज्ञ मित्राने इंजेक्शन दिले, ऑक्सिजन लावला, तरी ते वाचले नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये कर्मचाऱ्याचा तो नकार 'अपघात' ठरवून कंपनीला जबाबदार धरले. डॉक्टर शेजारी असूनही माणूस गेला. जागा बदलली असती तर डॉक्टरची गरजच पडली नसती, असे म्हणायला जागा आहे. सप्टेंबर 2018 मध्ये जेट एअरवेजच्या मुंबई-जयपूर विमानात केबिनमधला दाब राखणारे बटण दाबायचे राहून गेले आणि तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आले. तिथेही प्रतिबंध उपचारापेक्षा सोपा होता.

पुढे आलेला माणूस खरोखर डॉक्टर आहे की नाही, हे कर्मचाऱ्याने ओळखायचे कसे? ऑक्टोबर 2016 मध्ये डेल्टाच्या विमानात डॉ. तमिका क्रॉस या कृष्णवर्णीय डॉक्टर उठल्या, तर त्यांच्या डॉक्टर असण्यावरच विश्वास ठेवला गेला नाही. त्या वादानंतर कंपनीने ओळखपत्र पाहण्याची अट सोडून दिली. याचा दुसरा मार्ग आपल्या रेल्वेने फार पूर्वी दाखवला होता. ॲलोपॅथी डॉक्टरांना भाड्यात 10 टक्के सवलत असे आणि आरक्षणाच्या नोंदीवरून गाडीत डॉक्टर कुठे बसला आहे हे तिकीट तपासनीसाला कळू शके. 2020 मध्ये कोविडच्या काळात बऱ्याच सवलतींबरोबर तीही थांबली. झाशी स्थानकावरून मुंबई-पुण्याकडे कामाला जाणाऱ्या बुंदेलखंडी मजुराच्या डब्यात डॉक्टर असणे विमानातल्यापेक्षा अवघडच. तिथे ती नोंद जास्त मोलाची होती. लुफ्तान्सा ही जर्मन कंपनी आपल्या डॉक्टर प्रवाशांची अशी नोंद ठेवते. आपल्या कंपन्यांना तिकीट काढतानाच एक चौकट ठेवायला काहीच खर्च नाही.

निर्णय कोणाचा, याबद्दलही गैरसमज आहे. विमान वळवायचे की नाही हे डॉक्टर ठरवत नाही. तो सल्ला देतो, जमिनीवरचे वैद्यकीय केंद्र सल्ला देते, निर्णय कॅप्टनचा असतो, कारण धावपट्टी, इंधन, हवामान आणि खालच्या गावातल्या रुग्णालयाची कुवत यांचा हिशेब त्याच्याकडे असतो. हे कळले की पुढे येणाऱ्या डॉक्टरच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते. त्याने आपल्याला जे येते ते करावे, येत नाही ते स्पष्ट सांगावे, मद्य घेतले असेल तर तेही सांगावे, आणि काय केले ते वेळेसह कागदावर लिहून द्यावे. उतरल्यावर रुग्णाचे पुढे काय झाले हे त्याला कळवण्याची पद्धत कंपन्यांनी पाडावी, ही माझी आग्रहाची सूचना. आज बहुतेकांना ते कधीच कळत नाही.

प्रवाशांनीही आपला भाग उचलायला हवा. रोजची औषधे खाली सामानात टाकू नका, हातातल्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवा. हाड मोडून नुकतेच प्लास्टर घातले असेल, छातीला मार बसला असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, तर उडण्यापूर्वी डॉक्टरला विचारा आणि कंपनीला खरे सांगा. लपवलेला आजार वर गेल्यावर लपत नाही. बसल्या जागी पट्टा कायम बांधा. आणि छाती दाबून हृदय चालू ठेवण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण घ्या, कारण निम्म्याहून अधिक वेळा त्या प्रश्नाला उत्तर देणारा डॉक्टर विमानात नसेल.

कायद्याचे काम मात्र प्रवाशांच्या हातात नाही. 1934 च्या जुन्या विमान कायद्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, 2024 आला आणि 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला. कायदा ताजा आहे, त्यात भर घालणे अवघड नाही. महाराष्ट्राने संसदेत डॉक्टर पाठवले आहेत. श्रीकांत शिंदे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत, अमोल कोल्हे एमबीबीएस आहेत, आणि असा प्रसंग स्वतः निभावलेले भागवत कराड आपल्याच मातीतले. त्यांनी पक्ष बाजूला ठेवून खासगी विधेयक आणावे. मागण्या दोनच आहेत: वायुयान अधिनियमात आणि 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 134अ सारखे संरक्षण, आणि प्रत्येक प्रवासी विमानात एईडी, ऑक्सिमीटर व ग्लुकोमीटर यांची सक्ती.